वर्षावासात पितळखोरा

चाळीसगावहून कन्नड घाट चढून वर आलं की पितळखोऱ्याची वाट धरता येते. कागदोपत्री ही बौद्ध लेणी संभाजीनगर जिल्ह्यात, पण चाळीसगावकर ती आपलीच मानतात. मलाही ते पटतं, कारण कड्याखाली पसरलाय तो खानदेशच. मी मुद्दाम श्रावणात गेलो. पायऱ्या शेवाळलेल्या, घळीतला ओढा भरून वाहणारा, आणि वर माकडांचं राज्य.

भर पावसात जाण्याला कारण होतं. बुद्धांच्या काळापासून भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने भटकंती थांबवून एका जागी राहायचा नियम आहे. तोच वर्षावास. एरवी गावोगाव हिंडणाऱ्या संघाला निवारा हवा, म्हणून विहार. आणि सह्याद्रीत दगडाला तोटा नाही. पितळखोऱ्याची सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली मानतात. खर्च राजांनीच केला असं नाही. इथल्या लेखांत पैठणचा एक गंधिक, म्हणजे अत्तराचा व्यापारी, दाता म्हणून येतो. इथे सापडलेल्या यक्षावर तर कण्हदास नावाच्या सोनाराने स्वतःचं नाव कोरून ठेवलंय. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आपण त्याच्याविनाच लेणं बघायचं.

चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या वंदनेच्या लेण्यात, शिरलो की नवखा माणूस मूर्ती शोधतो. मीही शोधली. पण ज्या काळात हे कोरलं, तेव्हा बुद्धाची मूर्ती घडवत नसत, वंदन स्तूपाला. खांबांवर बुद्धाची रंगीत चित्रं दिसतात ती कित्येक शतकांनंतरची. स्तूपाचा वरचा भाग तर गेलेलाच आहे. मग इथे लोक मागत काय होते, कुणाकडे?

उत्तर संध्याकाळी चाळीसगावात मिळालं. सोबतच्या मित्राच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं. महाराष्ट्रात आषाढ ते आश्विन पौर्णिमा घरोघरी, विहारोविहारी बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतात. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, पांढऱ्या सदऱ्यातले काका, बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, उदबत्ती. ‘जय भीम’ झालं, चपला बाहेर ठेवल्या, सतरंजीवर मागे बसलो. बौद्ध नसलेल्याने यावं की नाही, असा प्रश्न कुणाला पडलेला दिसला नाही.

आधी त्रिशरण: बुद्ध, धम्म, संघ, तिघांना शरण, तीनदा. मग पंचशील. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. ही कुणाची आज्ञा नाही. म्हणणारा ते स्वतःवर घेतो. फुलं वाहताना म्हणायची गाथाही ऐकण्यासारखी आहे: हे फूल जसं कोमेजतं तसं माझं शरीरही नाश पावेल. नवसाचा, गाऱ्हाण्याचा एक शब्द नाही. शेजारच्या मावशींना विचारलं, शिलांमध्ये जड कोणतं? त्या म्हणाल्या, “पाचवं बाप्यांना, चौथं आम्हा सगळ्यांना.”

वाचनानंतर काकांनी मला धडाच दिला. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण म्हणजे तृष्णा. ते दूर होऊ शकतं, आणि त्याची वाट आठ अंगांची: दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, उपजीविका, प्रयत्न, स्मृती, समाधी, सगळं सम्यक. आत्मा आणि ईश्वर या दोन्हींशिवाय हे उभं राहतं, हे नवख्याला पचायला वेळ लागतो. पण काका लगेच चाळीसगाववर आले. 1929 साली इथल्या टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना बसवून न्यायला नकार दिला. शेवटी टांगा हाकायची सवय नसलेल्याने तो हाकला, पुलावर अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. “हे दुःख कुठल्या तृष्णेचं?” काका म्हणाले. माणसाने माणसाला दिलेलं दुःखही धम्माच्या कक्षेत आणलं, यातच बाबासाहेबांची मांडणी वेगळी दिसते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञा म्हणूनच नुसत्या उपासनेच्या नाहीत. त्यांत समता आहे, विषमतेच्या धर्माचा त्याग आहे.

मग मी सगळ्याच नवख्यांचा प्रश्न विचारला: मटण चालतं का? अर्धा विहार हसला. एक म्हणाला, भिक्खूने भिक्षेत पडेल ते खावं, फक्त ते त्याच्यासाठी मारलेलं नसावं, एवढंच जुनं बंधन. दुसऱ्याने पहिलं शील काढलं. कॉलेजातल्या एका मुलीने दोघांनाही अडवलं आणि ग्रंथाची पानं उलटायला लागली. वाद भरीत-भाकरीच्या ताटापर्यंत पोचला तरी मिटला नव्हता. निघताना काकांनी बजावलं, पुढच्या खेपेला येशील तेव्हा वाचनाची पाळी तुझी.