अकरा वाजून दहा मिनिटं

आज २१ सप्टेंबर, जागतिक अल्झायमर दिन. कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात डिमेन्शियावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर बोलायला गेले होते; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. "वय झालं की विसरायचंच," हे चहाच्या आधीच तीनदा ऐकलं! चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं, तो कशासाठी असतो हेच न उमगणं वेगळं, एवढं सांगितलं.

मग स्मृतिभ्रंशाची प्राथमिक चाचणी म्हणून कागदावर घड्याळ काढायला लावलं, ११ वाजून १० मिनिटांचं. एका काकांनी बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवले. शेजारी बसलेल्या काकूंनी हळूच त्यांचा कागद उलटा केला. नुसत्या घड्याळावरून निदान होत नाही. थायरॉइड बिघडलं, बी-१२ जीवनसत्त्व कमी झालं तरी विसरायला होतं, डॉक्टरांना दाखवा, म्हटलं.

निघताना काकू जिन्यात थांबल्या. "हिशेबाची वही हल्ली मीच लिहिते गं," म्हणाल्या.