चाळिशीतला मोतीबिंदू

आज वहिनींना घेऊन रावपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. वय जेमतेम ४० आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू! दांडिया बाजारातल्या घरी सगळ्यांचा एकच प्रश्न, "इतक्या लवकर कसा?"

कारण सूज. वहिनींना युव्हायटिस आहे, डोळ्याच्या मधल्या थराला सारखी सूज येते. डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड नकोसा होतो. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. भिंगाला रक्तवाहिन्या नसतात, त्याचं पोषण भोवतालच्या पाण्यातून होतं. सूज आली की त्या पाण्यात प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी उतरतात आणि भिंग गढुळायला लागतं, बरेचदा मागच्या बाजूने. म्हणूनच वहिनींना भर उन्हात आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांत जास्त अंधुक दिसतं.

त्यात सूज उतरवणारे स्टेरॉइडचे थेंब फार काळ घातले तर त्यांनीही मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाबही वाढू शकतो. पण मनाने बंद केले तर सूज उसळते, ते आणखी वाईट. मेडिकलवरून परस्पर बाटली आणून महिनोन् महिने घालणारे आपल्यात कितीतरी आहेत. कृपा करून असं करू नका हो!

ऑपरेशन लगेच नाही. आधी डोळा साधारण ३ महिने शांत राहायला हवा. डॉक्टरांनी "सकाळी उठल्यावर कंबर आखडते का?" असंही विचारलं, कारण मणक्याच्या एका संधिवातात डोळ्याला अशी सूज येते. वहिनी चटकन "हो" म्हणाल्या. उद्या रक्ततपासणी.