गेम लावला की पीसी रीस्टार्ट, आणि दोनदा हातात आलेला ‘नो फॉल्ट फाउंड’

आधी दुखणं सांगतो. गेम लावला की दहा-पंधरा मिनिटं सगळं मस्त चालायचं आणि मग एकदम स्क्रीन काळी, आतून बारीकसा ‘टक्’ असा आवाज, पंखे गप्प, आणि दोन सेकंदांनी मशीन आपलं आपण परत चालू. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही. बाकी दिवसभर ब्राउझर, व्हिडिओ, कामाच्या फाइली, सगळं व्यवस्थित. चार महिने हे चाललं आणि त्यातले सहा आठवड्यांहून जास्त पॉवर सप्लायच्या (मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) सर्व्हिस सेंटरने खाल्ले, तो राग अजून गेलेला नाही म्हणून लिहायला बसलोय.

सुरुवातीचं पटकन सांगतो. ग्राफिक्स ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या टूलने पूर्ण काढून नवा टाकला, फरक नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग, बंद करून रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर लावला, चारही फेऱ्या स्वच्छ. टेम्परेचर बघायला एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं लॉगिंग चालू ठेवून खेळलो, बंद पडायच्या आधीच्या शेवटच्या ओळीत ग्राफिक्स कार्ड ७१ डिग्री आणि प्रोसेसर ६८, म्हणजे तापण्याचाही प्रश्न नाही. विंडोज परत टाकलं त्यात अख्खा रविवार गेला, ते मात्र करू नका, निदान इतक्या लवकर तरी नका करू.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसायची. ‘पॉवर’ शब्द बघून लोक लगेच पॉवर सप्लाय खराब म्हणून मोकळे होतात पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं. बघायचं ते तिच्या डिटेल्समधलं बगचेककोड. तिथे काही आकडा असेल तर विंडोजला क्रॅशची नोंद करायला वेळ मिळालाय, मग विंडोजच्या फोल्डरमधलं मिनीडंप (क्रॅशच्या माहितीची फाइल) उघडून ड्रायव्हर किंवा रॅमच्या मागे लागा. माझ्याकडे दर वेळी शून्य होतं, म्हणजे विंडोजला काही लिहायच्या आतच वीज गेलेली किंवा मशीन गोठलेलं.

खरा धागा सापडला तो आफ्टरबर्नर या कार्डची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. कार्डची पॉवर लिमिट, म्हणजे ते जास्तीत जास्त किती वीज घेईल ती मर्यादा, ७० टक्क्यांवर आणली आणि सलग दोन संध्याकाळी खेळलो, एकदाही बंद पडलं नाही! परत १०० केली, बाराव्या मिनिटाला ‘टक्’. मग ओसीसीटी हे मुद्दाम लोड टाकून बघणारं सॉफ्टवेअर लावलं. नुसत्या प्रोसेसरवर लोड तासभर, ठीक. नुसत्या कार्डवर तासभर, ठीक. दोघांवर एकदम लोड टाकणारी पॉवर टेस्ट लावली, चौथ्या मिनिटाला गेलं. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की हां, आता हे आपल्या हातात आलं.

मध्ये एक केबलचंही केलं होतं. माझ्या कार्डला विजेचे दोन ८-पिन प्लग लागतात आणि मी एकाच केबलच्या दोन तोंडांवर ते चालवत होतो. एका ८-पिनचं स्पेसिफिकेशन १५० वॅटचं, स्लॉटमधून ७५, आणि कार्ड ३२० वॅटचं, म्हणजे त्या एका केबलवर किती भार येत असेल बघा. दोन वेगळ्या केबल लावल्यावर बारा मिनिटांची वीस मिनिटं झाली, थांबलं नाही. पण तुमचं तसं असेल तर आधी तेच बदला, फुकटात होतं.

मित्राने त्याचा सप्लाय एका संध्याकाळपुरता दिला, तीन तास पॉवर टेस्ट आणि वर दोन तास गेम, काहीही झालं नाही. म्हणजे निकाल लागला. सप्लाय ६५० वॅटचा, पाच वर्षांची वॉरंटी आणि माझं चौथं चालू. आठवड्यात बदलून येईल असं धरून चाललो होतो.

इथून पुढचं जरा सविस्तर सांगतो.

सर्व्हिस सेंटरच्या फॉर्ममध्ये ‘तक्रार’ या रकान्यात चारच पर्याय: चालू होत नाही, आवाज येतो, पंखा फिरत नाही, जळाल्याचा वास. लोडवर बंद पडतो हा पर्यायच नाही. ‘इतर’ निवडलं तर लिहायला शंभर अक्षरं. शंभर अक्षरांत पॉवर लिमिट, ओसीसीटी, मित्राचा सप्लाय हे कसं बसवायचं? ‘गेम खेळताना पीसी बंद होतो’ एवढंच लिहिलं, आणि तीच चूक झाली असं आता वाटतं, कारण वाचणाऱ्याने ‘गेम’ वाचलं आणि सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम ठरवून टाकलं असणार.

१९ दिवसांनी सप्लाय परत, सोबत एक चिठ्ठी, ‘नो फॉल्ट फाउंड’, म्हणजे दोष सापडला नाही. त्याच संध्याकाळी लावला आणि अकराव्या मिनिटाला बंद. फोन केला तर म्हणाले सर, टेस्टरवर लावला होता, १२ व्होल्ट बरोबर येतात, ओके आहे. टेस्टर म्हणजे ती दिवे लागणारी छोटी डबी! ती डबी जवळपास काहीच लोड टाकत नाही. अहो, बिनलोडवर तर माझ्याकडेही तो उत्तमच चालत होता. दुसऱ्यांदा सोबत पानभर पत्र लिहून पाठवलं. १६ दिवस. परत तीच चिठ्ठी. या वेळी फोनवर कळलं की हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरतोय का ते बघितलं. या सगळ्या दिवसांत माझं मशीन उघडं पडलेलं, कारण मित्राचा सप्लाय मी केव्हाच परत दिलेला.

मुद्दा असा की कार्डवर ३२० वॅट लिहिलेलं असलं तरी मिलिसेकंदापुरता त्याचा भार त्याच्या बराच वर उडी मारतो. ही गोष्ट इतकी खरी आहे की पीसीच्या सप्लायसाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० स्टँडर्डमध्ये ग्राफिक्स कार्डच्या नव्या कनेक्टरवाल्या, ४५० वॅटच्या वरच्या सप्लायने १०० मायक्रोसेकंद दुप्पट लोड झेलला पाहिजे असं घातलंय. जुना होत चाललेला सप्लाय अशा उडीला दबतो, व्होल्टेज पडतं, मदरबोर्डला जाणारा ‘पॉवर ठीक आहे’ हा सिग्नल तुटतो आणि बोर्ड रीसेट होतो. सेकंदा-दोन सेकंदांनी एकदा आकडा घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे दिसतच नाही, माझ्या लॉगमध्ये १२ व्होल्टची ओळ शेवटपर्यंत सरळ होती. मग टेस्टरच्या डबीत कुठून दिसणार?

तिसऱ्या वेळी मी डोकं शांत ठेवलं. मित्राचा सप्लाय परत मागून आणला आणि फोनवर न थांबवता एकच व्हिडिओ घेतला: आधी सप्लायच्या लेबलवरचा सिरीयल नंबर, मग घड्याळ, मग पॉवर टेस्ट, मग बंद पडणं, मग सप्लाय बदलणं, आणि तीच टेस्ट तासभर चालणं. सोबत एचडब्ल्यूइन्फोच्या लॉगची सीएसव्ही फाइल. आणि ईमेलमध्ये तीनच प्रश्न, नंबर घालून: किती वॅट लोडवर टेस्ट केलं, किती वेळ केलं, आणि लोड एकदम वाढवून बघितला का. उत्तर लेखी द्या म्हटलं.

हो, सप्लाय बदलून बघणार असाल तर एक महत्त्वाचं राहिलंच, हे खरं तर वर लिहायला हवं होतं. मॉड्युलर सप्लायच्या (ज्याच्या केबल काढता-घालता येतात त्याच्या) केबल दुसऱ्या सप्लायला कधीही लावू नका. कार्डकडचं टोक सारखं असतं पण सप्लायकडच्या पिनांची रचना प्रत्येकाची वेगळी असते, प्लग बसतो आणि डिस्क, बोर्ड काहीही जळू शकतं. मित्राकडून सप्लाय आणा तर त्याच्या सगळ्या केबलसकट आणा.

चौथ्या दिवशी तिथल्या एका सीनियर टेक्निशियनचा स्वतःहून फोन आला. त्याने लोड मशीनवर लावला होता. म्हणाला, “सर, साडेचारशेच्या आसपास एकदम लोड टाकला की बंद पडतोय, स्थिर ठेवला तर चालतोय.” मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी तेच बोलत होतं जे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. त्या माणसाचे मी मनापासून आभार मानले, आणि पुढे पाच दिवसांत बदली सप्लाय आला.

लावला, दोन वेगळ्या केबल टाकल्या, पॉवर लिमिट १०० वर, एक्सएमपी परत चालू. पॉवर टेस्ट तीन तास. मग गेम, रात्री दीडपर्यंत. त्याला आता पाच आठवडे झाले, एकदाही ‘टक्’ नाही. बदली सप्लायची वॉरंटी मात्र जुन्याच खरेदीच्या तारखेपासून मोजणार असं त्यांच्या पत्रात खाली बारीक अक्षरात आहे, म्हणजे माझ्याकडे अजून एक वर्षच उरलंय, म्हणून तो व्हिडिओ, ती सीएसव्ही आणि दोन्ही चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात.