डोळा एक ओळ पुढे

आमच्या वेळी शाळेसमोरून खनिजाचे ट्रक जायचे. गोव्यात डिचोली तालुक्यात शिकलेल्या कुणाला ते वेगळं सांगायला नको. सकाळी पुसलेल्या फळ्यावर मधल्या सुट्टीपर्यंत तांबूस थर बसायचा, पुस्तकांच्या कडा तांबड्या व्हायच्या. त्या खडखडाटात मराठीच्या बाई आमच्याकडून प्रकट वाचन करून घ्यायच्या. आम्ही घरी कोंकणी बोलणारी मुलं, पाठ्यपुस्तकातल्या लांबलचक वाक्यांनी धाप लागायची. बाईंचे नियम दोनच. ट्रक जाताना त्याच्यावर आवाज चढवायचा नाही, थांबायचं. तो गेला की शब्द स्वच्छ उच्चारायचा. आणि जीभ ज्या ओळीवर आहे, तिच्या पुढच्या ओळीवर डोळा हवा. "डोळ्याला पुढे पाठव रे, जीभ येते मागून."

रॅलीत माझी बरीच वर्षं गेली, आधी मोटारसायकलवर आणि मग कारमध्ये. शाळेनं दिलेल्या कितीतरी गोष्टी विसरलो असेन, पण हा दुसरा नियम मी रोज वापरला आहे.

बाबा साखळीच्या बसस्टँडवर पायलट होते, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्यानं माणसं नेणारे. पिवळ्या मडगार्डच्या त्या मोटारसायकलवरून मी केरीपर्यंत, कधी चोर्ला घाटाच्या पहिल्या वळणांपर्यंत त्यांच्या मागे बसून गेलोय. ओल्या रस्त्यावर ते एकच सांगायचे, "आदीं नदर, मागीर ब्रेक." आधी नजर, मग ब्रेक. बाई आणि बाबा एकमेकांशी कधी बोलले असतील असं वाटत नाही, पण दोघांनी मला एकच गोष्ट शिकवली.

2006 साली मी पहिल्यांदा राजस्थानात रॅलीला गेलो. रॅली म्हणजे नुसता वेग, असा अनेकांचा समज असतो. तिथे रस्ता आखलेला नसतो. हँडलच्या वर एका डब्यात कागदाची गुंडाळी असते, तिला रोडबुक म्हणतात. अंगठ्याने बटण दाबलं की ती पुढे सरकते. प्रत्येक चौकटीत किती किलोमीटरवर काय आहे ते लिहिलेलं, बाजूला वळणाचं छोटं चित्र, कुठे किती अंशांवर दिशा धरायची तो आकडा. धोका असेल तिथे उद्गारचिन्ह. एक म्हणजे जपून, तीन म्हणजे जिवाशी गाठ. आदल्या रात्री आम्ही तंबूत बसून ती सगळी गुंडाळी रंगीत पेनांनी रंगवायचो, धोक्याला लाल, वळणाला हिरवा. दुसऱ्या दिवशी उभं राहून गाडी चालवत, धुळीतून ती वाचायची. वाचणारा आणि चालवणारा एकच. चुकलात तर विचारायला शेजारी कुणी नाही.

2013 मध्ये वाळूच्या टेकाडावरून पलीकडे पडलो. हासळीचं हाड आणि उजवं मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण तासन्‌तास हँडल धरण्याची ताकद आली नाही. ते दिवस वाईट होते. बाबांची मोटारसायकल दारात उभी असायची आणि मी तिच्याकडे पाहतही नसे.

त्या दिवसांत मी ह्युबेर ओरिओलबद्दल पुन्हा पुन्हा वाचलं. 1981 आणि 1983 मध्ये त्यानं मोटारसायकलवर डाकार ही वाळवंटातली खडतर रॅली जिंकली. 1987 मध्ये आघाडीवर असताना दोन्ही घोटे मोडले, तरी तो टप्पा पुरा करून आला. मग कारकडे वळला आणि 1992 मध्ये कारमध्येही जिंकला. दोन्ही प्रकारांत डाकार जिंकणारा तो पहिला. त्याच्यानंतर स्तेफान पेतेरहान्सेल आला. मोटारसायकलवर 6 विजय, कारमध्ये 8. लोक 14 हा आकडा सांगतात, पण मला विचार करावासा वाटला तो कारमधल्या पहिल्या 7 विजयांचा. त्या सातही वेळा शेजारच्या सीटवर जाँ-पॉल कोत्रे होता, रोडबुक मांडीवर घेऊन. वर्षानुवर्षं एकट्यानं वाचणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायला शिकणं, हे मला त्या विजयांहून मोठं वाटतं.

मी मात्र उलटा गेलो. एका मित्रानं कारमध्ये नेव्हिगेटर, म्हणजे शेजारी बसून रोडबुक वाचणारा, म्हणून बोलावलं आणि मी ती दुसरी सीट घेतली. पहिल्याच रॅलीत घामानं रोडबुकाची दोन पानं चिकटली, मी एक पान सोडून वाचलं. कोरड्या नदीच्या पात्रात 11 मिनिटं भरकटलो. मित्र एक शब्द बोलला नाही. ते गप्प राहणं मला फार लागलं. त्या रात्री तंबूत मी त्याला पूर्ण रोडबुक मोठ्यानं वाचून दाखवलं. कुठे थांबायचं, कुठे इंजिनाचा आवाज उतरेपर्यंत वाट पाहायची, वळण किती आधी सांगायचं, सगळं ठरवत. आधी सांगितलं तर तो विसरतो, उशिरा सांगितलं तर वळण गेलेलं असतं. वाचता वाचता लक्षात आलं, मी आठवीच्या वर्गात उभा आहे आणि बाहेरून ट्रक चाललाय.

2015 मध्ये सी. एस. संतोष डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हा त्याचं 36वं स्थान आम्ही जिंकल्यासारखं साजरं केलं. 2024 मध्ये केरळच्या हरित नोहानं डाकारमध्ये मोटारसायकलींचा रॅली 2 हा वर्ग जिंकला. आता तिथे कागदाऐवजी पडदा आलाय. मला अजून कागदच बरा वाटतो.

गेल्या चवथीला बाईंना भेटायला गेलो. वय झालंय, नजर अधू आहे. जुन्या रोडबुकाचा एक तुकडा नेला होता. त्यांनी कागद बोटांनी चाचपला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं, किलोमीटर 42.3, डावीकडे, नाल्यात उतार.

"आणि ही तीन उद्गारचिन्हं कसली?"

"मोठा धोका, बाई."

"मग आवाजात कुठे आहे? पुन्हा वाच."

मी उभा राहिलो आणि पुन्हा वाचलं.