चित्रलिपीतला रोहित

ठाणे खाडीत दर हिवाळ्यात उतरणारा रोहित पक्षी, अर्थात फ्लेमिंगो, प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतही आहे. इजिप्तविद्येचे अभ्यासक ॲलन गार्डिनर यांच्या १९२७ सालच्या इजिप्शियन व्याकरणातील चिन्हसूचीत तो पक्ष्यांच्या ‘जी’ गटात २७ व्या क्रमांकावर असून ‘लाल’ या अर्थाचा शब्द लिहिताना त्याचे चित्र काढत असत. ऑक्टोबर २००९ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर प्रत्येक लिपीतील चिन्हाला ठरावीक क्रमांक (संकेतांक) देणाऱ्या प्रमाणपद्धतीच्या, ५.२ आवृत्तीत १,०७१ चित्रचिन्हांना संकेतांक मिळाले, त्यांत हा रोहितही होता. त्यामुळे ऐरोलीतल्या कार्यालयात बसून मी तो कोणत्याही मराठी मजकुरात घालू शकतो.

मात्र संकेतांक मिळाला म्हणजे लिपी लिहिता आली असे होत नाही. इजिप्तचे लेखनिक चिन्हे एका ओळीत ओवत नसत, तर काल्पनिक चौकोनांत वर-खाली, शेजारी किंवा एकमेकांच्या कोपऱ्यांत बसवत; रोझेटा शिलेवरील टॉलेमी राजाच्या नावात ‘प’चा चौरस वर आणि ‘त’ची भाकरी त्याच्या खाली आहे. अभ्यासकांच्या १९८८ मधील ‘मान्युएल द कोडाज’ या संकेतपद्धतीत यावर साधा तोडगा होता: दोन चिन्हांमध्ये अपूर्णविराम असेल तर दुसरे खाली, तारका असेल तर शेजारी. युनिकोडमध्ये अशी सोय व्हायला २०१९ उजाडले. तेव्हा नऊ अदृश्य नियंत्रक चिन्हे आली.

मराठी फॉन्टचे काम करणाऱ्या मला हे ओळखीचे वाटले, कारण ‘क’ आणि ‘ष’ यांच्यामध्ये हलन्त दिला की ‘क्ष’ घडवणे फॉन्टवरच सोपवलेले असते. फरक असा, आणि तो लहान नाही, की आपल्या जोडाक्षराचे रूप बहुतांशी अक्षरांवरूनच ठरते, तर तिथे भिंतीवर जागा किती उरली यावरही मांडणी बदलते, म्हणून ती मजकुरातच नोंदवावी लागते.

युनिकोडच्या सप्टेंबर २०२४ च्या १६.० आवृत्तीने आणखी ३,९९५ चिन्हे आणली. त्यांतील बरीच ग्रीक-रोमन काळातील मंदिरांमधली असून काही एकमेकांच्या फारच जवळची दिसतात, तरी त्यांना वेगवेगळे संकेतांक आहेत. याउलट, २०१४ मध्ये मोडीला संकेतांक मिळाले तेव्हा निरनिराळ्या काळांतील वळणे फॉन्टवर सोडली गेली, आणि शोध सुलभ राहतो म्हणून तेच धोरण मला अधिक पटते. पण चित्रलिपीत आकृतीच्या हातातली वस्तू बदलल्याने अर्थही बदलू शकतो, हे मान्य करावे लागते. यासाठीच या आवृत्तीसोबत ‘युनिकेमेट’ नावाची माहितीफाइल दिलेली आहे. तिच्यात चिन्हाचे वर्णन, कार्य आणि जुन्या सूच्यांमधील क्रमांक नोंदवलेले असल्यामुळे या लिपीचा फॉन्ट करू पाहणाऱ्याने आधी ती उघडावी.