आमची वाटचाल : देवळाच्या घंटेपासून बोटीच्या घंटेपर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक्सच्या आणि बिडाच्या कास्टिंगच्या शेडच्या गर्दीत आमची शेड शोधावी लागते. आम्ही घंटा ओततो. अण्णांच्या काळात खानापूर, चंदगड, निपाणीकडच्या देवळांसाठी ओतल्या. आता बऱ्याचशा बोटींसाठी. सुरुवातीची वर्षे सगळ्यांची जातात तशीच गेली.

बोटीच्या घंटेकडे आम्हाला वळवले वेंगुर्ल्याच्या एका निवृत्त कप्तानांनी. आंबोली घाट चढून ते स्वतः आले, मांडलेली एकेक घंटा बोटाच्या पेराने वाजवली आणि विचारले, "अण्णा, कथील किती घालता?" अण्णा म्हणाले, "शंभराला बावीस. देवाच्या कामात कमी करत नाही." तिथेच ऑर्डर पक्की झाली.

कप्तानसाहेब उन्हाळ्यात मित्राच्या शिडाच्या बोटीवरून कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्याने फिरतात. गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहावरून आलेली उबदार, दमट हवा लॅब्रेडॉरच्या थंड प्रवाहावर आली की तिथे धुके धरते. जून-जुलैत तर बोटीच्या टोकापलीकडचे दिसत नाही. फ्रांस्वा, ग्रे रिव्हर अशा गावांना रस्ताच नाही, सगळी ये-जा फेरीबोटीने. १९९२ मध्ये कॉडच्या मासेमारीवर बंदी आली आणि गावे रोडावली. ग्रँड ब्रुइट तर २०१० मध्ये अख्खे उठले.

अशा बंदरात धुक्यात नांगर टाकला की दर मिनिटाला पाचेक सेकंद घंटा वाजवायची असते. नियमाने घंटेची सक्ती २० मीटर आणि त्यावरच्या जहाजांना. कप्तानांची बोट लहान, पण घंटा लावल्याशिवाय ते निघत नाहीत. एका गावी म्हातारा कोळी होडी घेऊन शेजारी आला आणि घंटेच्या ओठावर उठवलेल्या 'बेळगाव' या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिला, असे त्यांनी कळवले. ते पत्र आम्ही शेडमध्ये लावले आहे.

आता एका निर्यातदाराचे सांगतो. नाव घेत नाही, उद्यमबागेत सगळ्यांना माहीत आहे. त्याने मोठी ऑर्डर दिली आणि नमुन्यासाठी म्हणून आमचा सागवानी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा करतात ती लाकडी प्रतिकृती, नेला. पहिला माल उचलला, पैसे अडकवले आणि त्याच पॅटर्नवर दुसऱ्या शेडमधून पितळेच्या घंटा ओतून घेतल्या. कथील तांब्याच्या कितीतरी पट महाग, जस्त स्वस्त. पण खाऱ्या हवेत पितळेतले जस्त निघून जाते, मागे लालसर, ठिसूळ धातू उरतो. कड्या तुटल्या, आवाज बसला. ओठावर मात्र आमचीच अक्षरे! तक्रारी आमच्या नावावर आल्या. भट्टी विझली, लेथ गहाण पडले, साचे करणारे दोन मोल्डर पलीकडच्या शेडमध्ये गेले. मिस्त्रीमामा तेवढे राहिले. पगाराचे विचारले तर म्हणायचे, "मालक, आधी भट्टीच्या कोकचे बघा."

कप्तानसाहेबांना कळले तेव्हा त्यांनी पुढच्या सगळ्या घंटांचे पैसे आगाऊ पाठवले आणि ओळखीच्या प्रत्येक बोटमालकाला आमची घंटा आणि ती घंटा यांतला फरक लिहून कळवला. त्या पैशातून मुशी आणल्या, भट्टी पेटली.

मिस्त्रीमामांचे काम बघण्यासारखे असते. तांबे आधी, वर कोळशाचा थर. कथील शेवटी, नाहीतर ते जळून मळीत जाते. अण्णांच्या वेळचा लांब चिमटाच त्यांना लागतो, नवा हातात धरत नाहीत. ओतल्यावर साचा लगेच फोडू देत नाहीत. इतके कथील असलेला धातू कडक असतो, घाईने बाहेर काढला की काचेसारखा तडकतो. लोलक घंटेच्या वजनाच्या किमान ३ टक्के हवा. आम्ही जास्तच ठेवतो.

नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांना सांगणे आहे : पॅटर्न शेडबाहेर जाऊ देऊ नका, कोणी कितीही गोड बोलो. धातू आगाऊ घेतल्याशिवाय मूस चढवू नका. आणि घंटा घेणाऱ्यांनी ती टांगून, पेराने वाजवून घ्यावी. नाद लगेच मेला तर दुकानातच ठेवावी. आतून रंग मारू नये.

आता पॅटर्न नवा आहे, ओठावरच्या अक्षरांखाली वर्षही येते. जुना पॅटर्न निर्यातदाराने अजून परत केलेला नाही, पहिल्या मालाचे पैसेही दिलेले नाहीत. चलने आणि पावत्या आमच्या कपाटात आहेत.