तुम्ही विचारलंत म्हणून: शेगडी पेटते, मग गॅस गीझर का पेटत नाही?

मुंबईत गॅस गीझर वर्षातले निम्मेअधिक महिने भिंतीवर नुसता टांगलेला असतो. मग डिसेंबरातल्या पहिल्या गार सकाळी नळ सोडावा, तर ढिम्म. त्या सुमारास आमच्याकडे हाच प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्याने तोवर सिलिंडर हलवून, रेग्युलेटर दोनदा काढून लावलेला असतो. गॅसवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. हा गीझर गॅसवर तापतो खरा, पण पेटतो पाण्याच्या जोरावर.

थंड पाणी आत शिरतं तिथल्या धातूच्या डबीत एक रबरी पडदा असतो, डायफ्रॅम. पाणी वाहू लागलं की त्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा सरकतो, त्याला टेकलेली पिन ढकलली जाते आणि मायक्रोस्विच, म्हणजे एक छोटं बटण, चालू होतो. मग सेलच्या जोरावर टिकटिक ठिणग्या पडतात आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, गॅस सोडतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा आणि कान द्या.

टिकटिक अजिबात नसेल तर आधी सेल. दीड व्होल्टचे दोन मोठे सेल लागतात. दोन्ही एकदम बदला, अल्कलाइन घ्या. एक जुना, एक नवा ही काटकसर इथे चालत नाही. सेलच्या डबीतल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर धरला असेल तर तो पॉलिश पेपरने घासा. खाऱ्या हवेत तो लवकर धरतो. आणि टिकटिक येते म्हणजे सेल ठीक, असंही समजू नका. अर्धमेला सेल ठिणगी पाडतो, पण व्हॉल्व्हची कॉइल ओढायला त्याच्यात दम उरत नाही.

सेल नवे, तरी शांतता? मग पाणी मोजा. सहा लिटरच्या (म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी देणाऱ्या) गीझरला साधारणपणे मिनिटाला अडीच लिटरचा प्रवाह लागतो. गीझरच्या नळाखाली एक लिटरचा मग धरा; तो भरायला 24 सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर दोष पाण्याचा. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मंडळींना हे पटत नाही, कारण टाकी तर डोक्यावरच असते. पण तोच घोटाळा आहे. दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो. टाकीचा तळ शॉवरच्या दोन-अडीच मीटर वर असेल, तर मिळतो जेमतेम पाव बार, आणि त्यातलाही काही पाइपच्या वळणांत जातो. तोच गीझर दुसऱ्या मजल्यावर बिनबोभाट चालतो. वरच्यांना छोटा प्रेशर पंप लावण्याला पर्याय नाही.

पूर्वी चालणारा गीझर अचानक बंद पडला असेल, तर सोसायटीने टाकी कधी धुतली ते आठवा. धुताना सुटलेला गाळ थंड पाण्याच्या इनलेटमधल्या बोटाच्या पेराएवढ्या जाळीत अडकतो. गीझरकडे जाणाऱ्या पाण्याचा अँगल कॉक बंद करा, नट सोडवा, जाळी टूथब्रशने घासा. शॉवरची जाळी काढूनही बघा. गरम-थंड मिक्सर नळाचा दांडा मधोमध ठेवायची सवय असेल तर थंड पाणी गीझरचा वाटा खातं. दांडा पूर्ण गरमकडे न्या. एवढं करूनही पेटला नाही, तर पडदा कडक झाला असेल किंवा फाटला असेल, किंवा पिन क्षारांनी अडकली असेल. पिनेच्या भोकातून पाण्याचा थेंब येत असेल तर तिथलं रबर गेलं. भाग स्वस्त आहे, पण बसवायला मेकॅनिकच हवा.

टिकटिक जोरात आहे आणि ज्योत नाही, तेव्हा गॅसकडे वळा. कनेक्शन नवीन असेल तर पाइपातली हवा निघेपर्यंत थांबून थांबून तीन-चार वेळा नळ सोडावा लागतो. सिलिंडर जाऊन पाइप गॅस आला असेल, तर शेगडीचे जेट (गॅस जिथून बाहेर पडतो ती बारीक भोकं) बदलले जातात आणि गीझर विसरला जातो. सिलिंडरचा गॅस साधारण 30 मिलिबारने येतो, पाइपचा 21 ने. शिवाय तेवढ्याच घनफळात सिलिंडरच्या गॅसची उष्णता सुमारे अडीचपट. म्हणून जुन्या बारीक जेटवर पाइप गॅसची ज्योत मरतुकडी होते किंवा धरतच नाही. भोक सुईने मोठं करून देणारे भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. जेट गीझरच्या कंपनीचेच बसवा, आणि त्या मॉडेलला ते मिळत नसतील तर गीझर बदला.

पेटून दोन-चार सेकंदांत विझतो? ज्योतीत शिरलेली सेन्सरची काडी काजळली असेल. पॉलिश पेपरने हलकेच पुसा. वीस मिनिटांनी विझला तर तो बहुधा टायमर, बिघाड नव्हे.

भप्प आवाज करून पेटणं आणि पिवळी ज्योत, ही दोन लक्षणं दिसली की गॅसचा कॉक बंद करा आणि दुरुस्तीपर्यंत वापरू नका. पिवळी ज्योत म्हणजे अपुरं ज्वलन, त्यातून कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. बंद बाथरूममध्ये हा गीझर नकोच. ड्राय बाल्कनीत लावला असेल आणि नंतर तिला सरकत्या काचा बसवल्या असतील, तर तीही आता बंद खोलीच झाली. गीझर चालू असताना त्या काचा उघड्या ठेवा.